पिसाचा हातोडा

गेल्या पावसाळ्यात मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरहून आमच्याकडे पुण्याला आले. ऑपरेशन वीस मिनिटांत झालं, पण आईने पंधरा दिवसांचं फर्मान काढलं. टीव्ही नाही, मोबाइल नाही, पेपर नाही. डॉक्टरांनी एवढं काही सांगितलं नव्हतं. धाकट्या भावावर हुकूम चालवायची संधी आईला बऱ्याच वर्षांनी मिळाली होती, एवढंच. मामा काळा चष्मा लावून हॉलमधल्या खुर्चीत बसून राहायचे आणि पंख्याचा आवाज ऐकून त्याचं बेअरिंग गेलंय की नाही ते सांगायचे. (गेलं होतं.)

रात्री नऊनंतर लेक झोपली की माझा वेळ सुरू होतो. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडते आणि बुटक्यांचं राज्य चालवते. तिसऱ्या दिवशी मामांना राहवलं नाही.

"काय बडवतीस गं एवढं? हापिसचं काम हाय का?"

"नाही मामा, गेम आहे. कुऱ्हाडी कशाच्या करायच्या ते ठरवतेय."

"मग त्यात ठरवायचं काय?"

मामांची सगळी नोकरी शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात गेली. त्यांना असला प्रश्न पडणारच. त्या रात्रीपासून मी त्यांना रोज माझा खेळ वाचून दाखवला.

खेळाचं नाव ड्वार्फ फोर्ट्रेस. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स हे दोघे अमेरिकन भाऊ 2002 पासून तो रचतायत आणि अजून तो पुरा झालेला नाही. टार्न गणितात पीएचडी आहे, आणि खेळ खेळताना ते कळतं. 2006 साली तो पहिल्यांदा लोकांच्या हाती आला तेव्हा त्यात चित्र म्हणून नव्हतंच. सगळी अक्षरं. गॉब्लिन म्हणजे इंग्रजी जी, कुत्रा म्हणजे डी. न्यूयॉर्कच्या मोमा या संग्रहालयाने 2012 मध्ये ज्या पहिल्या चौदा खेळांना आपल्या संग्रहात जागा दिली त्यांत हाही होता. डिसेंबर 2022 मध्ये चित्रांची आवृत्ती आली, मी तीच खेळते. पण डोळे मिटलेल्या माणसाला खेळ सांगायचा तर जुनी अक्षरांची आवृत्ती काय आणि नवी काय, सारखीच.

सात बुटके घेऊन एका डोंगरापाशी उतरायचं, डोंगर पोखरायचा, शेती करायची, दारू गाळायची (ती नसेल तर बुटके कामात रेंगाळतात), आणि एक दिवस गॉब्लिन चाल करून येतील त्याची तयारी ठेवायची. जिंकणं असं या खेळात नसतंच. हरणं हीच मजा, असं खेळणारे लोक म्हणतात आणि ते खोटं नाही.

आता शस्त्रांचा मुद्दा. बहुतेक खेळांत तांब्याच्या तलवारीला पाच गुण असतात, लोखंडीला दहा, पोलादीला पंधरा. पैसे साठवा, वरची घ्या, खालची विका. या भावांनी तसं केलं नाही. त्यांनी प्रत्येक धातूची घनता लिहिली, दाबाला किती टिकतो, कातरताना कधी वाकतो नि कधी तुटतो, धार किती बारीक होऊ शकते, सगळं आकड्यांत. ही फाइल साध्या मजकुराची आहे, कुणीही उघडून वाचावी. घाव बसतो तेव्हा खेळ हिशेब करतो. किती वजनाची वस्तू, किती वेगाने, किती जागेवर आदळली, चिलखत कशाचं, खाली कातडी, मग चरबी, मग स्नायू, मग हाड.

"म्हणजे ताकदीचं गणित केलंय पोरानं," मामा म्हणाले. "पुढं वाच."

तांबं, कासं, लोखंड, पोलाद, चांदी, आणि जमिनीत सगळ्यांत खोल मिळणारं अडमँटाइन. शस्त्र घडवायला एवढेच धातू. बिस्मथ घातलेलं एक कासंही आहे, पण ते साध्या काशासारखंच वागतं, त्यामुळे सोडून देते. सोन्याचा आणि प्लॅटिनमचा मुकुट घडतो, पेला घडतो, तलवार घडत नाही. सोन्याची सुरी असली तरी उरात खुपसून घ्यायची नसते म्हणतात, इथे तर ती घडवूच देत नाहीत.

काशाची कृती वाचली तेव्हा मामा खुर्चीत सरळ बसले. एक लगड तांबं, एक लगड कथील, दोन लगडी कासं.

"निम्मं कथील?"

"हो, असंच लिहिलंय."

"अगं, घंटेला पाचवा हिस्सा घालत्यात. लई तर त्याच्या जरा वर. निम्मं घातलंस तर ती तलवार न्हवं, काच झाली. पडली की फुटली."

मामा बरोबर होते. हत्याराच्या काशात कथील साधारण दहावा हिस्सा असतं. केरळात आरनमुळ्याला धातूचे आरसे घडवतात, त्यात कथील तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जातं. तो धातू पांढराशुभ्र, चेहरा दिसावा इतका गुळगुळीत होतो आणि हातातून सुटला तर तडकतो. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून इथे समुद्राच्या तळाशी एक जहाज सापडलंय, इसवीसनपूर्व चौदाव्या शतकाच्या शेवटचं. त्यात तांब्याच्या लगडी होत्या सुमारे दहा टन आणि कथील सुमारे एक टन. कुठल्या तरी राजाच्या हत्यारांचं सामान, प्रमाणासकट बुडालं.

पण काशाच्या बाबतीत हे भाऊ एका ठिकाणी पक्के खरे आहेत. त्यांच्या फाइलीत कासं आणि लोखंड जवळजवळ सारख्या तोलाचे आहेत. वाकण्याच्या हिशेबात कासं किंचित वर, तुटण्याच्या हिशेबात लोखंड वर. आपण शाळेत ताम्रयुग, मग कांस्ययुग, मग लोहयुग असं शिकलो आणि डोक्यात एक जिना बसला, प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा उंच. तसं नव्हतं. सुरुवातीचं लोखंड चांगल्या काशापेक्षा काही सरस नव्हतं. तांबं 1085 अंशांना वितळतं, ते कोळशाच्या भट्टीत जमायचं. लोखंडाला 1538 लागतात, ते जुन्या भट्ट्यांना जमत नव्हतं. स्पंजासारखा गोळा निघायचा, तो बडवून बडवून त्यातली मळी काढायची. लोखंडाची खरी थोरवी वेगळीच होती. ते कुठेही मिळतं. कथील मात्र मोजक्या ठिकाणी, जहाजं घालून आणावं लागणारं. वाट बंद झाली की कासं बंद.

मला हे पुस्तकांतून आधीच ठाऊक होतं, असं सांगायला आवडलं असतं. पण मला ते एक किल्ला घालवून कळलं.

त्या किल्ल्याचं नाव मी लोहगड ठेवलं होतं. आणि तिथे लोखंड नव्हतं! मॅलाकाइटचे हिरवे पट्टे होते, म्हणजे तांबं. टेट्राहेड्राइट होतं, म्हणजे पुन्हा तांबं आणि नशीब असेल तेव्हा त्यातून थोडी चांदी. संगमरवर तर डोंगर भरून. संगमरवर म्हणजे पोलादाच्या भट्टीला लागणारी चुन्याची जात. झाडं भरपूर. पोलादाची सगळी तयारी होती, फक्त लोखंड तेवढं नव्हतं, आणि मी ठरवलं होतं की माझे शिपाई पोलादच वापरतील. शरदात बुटक्यांचा तांडा येतो, त्याला आगाऊ सांगून ठेवलं की पुढच्या वर्षी तो हवी ती वस्तू जास्त भावाने आणतो. मी लोखंडाच्या लगडी सांगून ठेवल्या. तोवर तांब्याची हत्यारं करून घ्यावीत असं मनात आलं होतं, पण उगाच कशाला कोळसा जाळा, दोन वर्षांत फेकूनच द्यायची आहेत.

गॉब्लिन तांड्याच्या आधी आले. माझ्या कोठारात तीनशेहून जास्त तांब्याच्या लगडी नीट रचून ठेवलेल्या होत्या आणि शिपायांच्या हातात सरावाच्या लाकडी तलवारी होत्या.

हे ऐकल्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आजोबानं पण बंगलाच बांधायचा म्हणून पंधरा वर्सं पत्रा बदलला न्हवता."

दुसऱ्या किल्ल्यात मी शहाणी झाले, निदान तांब्यापुरती. तांब्याचं एक गुपित आहे, आणि ते कळायला मामांचा हिशेब उपयोगी पडला. युद्धाचा हातोडा खेळात 400 घनसेंटिमीटरचा. पोलादाची घनता घनमीटरला 7850 किलो, म्हणजे पोलादी हातोडा भरतो 3 किलो 140 ग्रॅम. तांब्याची 8930. तोच हातोडा तांब्याचा केला तर साडेतीन किलोच्या वर. चांदीची 10490, म्हणजे जवळपास 4 किलो 200. मामांनी हे सगळं तोंडी केलं, मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत.

तलवारीला नि कुऱ्हाडीला कातरायचं असतं. तिथे तांबं पोलादी चिलखतापुढे लोळण घेतं. पण हातोड्याला कातरायचं नसतंच. त्याने चिलखत फोडायचं नाही, चिलखताच्या आतलं हाड मोडायचं. तिथे वजन बोलतं. म्हणून जो धातू तलवारीत अगदी खालच्या रांगेतला, तो हातोड्यात पोलादाच्या शेजारी बसतो, आणि चांदी तर त्याच्याही वर. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला खेळातली चूक वाटली होती.

"चांदी मऊ हो," मामा म्हणाले. "चार घावांत चपटी हुईल."

"खेळात चालतं, मामा."

"खेळात चालूदे. पन तांब्याचा हातोडा आमच्याकडं खराच हुता."

मला वाटलं माझी समजूत काढतायत. पण नाही. मशीनवर कातून गुळगुळीत केलेला शाफ्ट बसवताना लोखंडी हातोडा मारला तर शाफ्टला खड्डा पडतो. तांब्याचा मारला तर हातोडाच दबतो, कामाला काही होत नाही. "मऊ म्हणून तर ठेवलेला," मामा म्हणाले. तो हातोडा फोरमनच्या कपाटात कुलपात असायचा. चोरून नेऊन मोडीत घालतील म्हणून.

तर दुसऱ्या किल्ल्यात मी तांब्याचे हातोडे केले, चांदी निघाली तसे चांदीचे, आणि कुऱ्हाडींचा नाद सोडला. गॉब्लिन आले आणि हाडं मोडून पडले. त्यांच्या अंगावर लोखंडी चिलखतं होती. ती मी भट्टीत वितळवली. खेळणारे लोक याला गॉब्लिनाइट म्हणतात, जणू ते एक खनिजच आहे आणि दर वर्षी स्वतःच्या पायांनी चालत दारात येतं. हसायला येतं, पण आपल्याकडची फिरंग तरी काय होती? पातं युरोपातून आलेलं, मूठ इथली. ज्याचं पातं चांगलं त्याचं घ्यावं आणि मुठीला आपला हात बसेल असं करावं, यात मराठ्यांना कमीपणा वाटला नाही.

गॉब्लिनांचं लोखंड हाती आलं आणि मग मला पोलाद करता आलं. ही कृती मी मामांना दोनदा वाचून दाखवली, त्यांनीच पुन्हा वाचायला लावली. एक लगड लोखंड, एक दगड चुनखडीच्या जातीचा, कोळसा, आणि भट्टी पेटती ठेवायला आणखी कोळसा. याचं होतं पिग आयर्न. मग ते पिग, त्यात पुन्हा एक लगड लोखंड, पुन्हा चुनखडी, पुन्हा दोन हिस्से कोळसा. निघतात दोन लगडी पोलाद.

"चुनखडी कशाला ते लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलेलं. मग मामांनी सांगितलं. क्युपोलात, म्हणजे ओतकामाच्या भट्टीत, दगडी कोळशाच्या कोकबरोबर चुनखडी टाकतात ती मळीसाठी. धातूतला कचरा वाळूचा, मातीचा. तो चुन्याशी मिळाला की पातळ होतो, वर तरंगतो आणि वेगळ्या भोकातून काढता येतो. चुनखडी कमी पडली तर मळी दाट होते, भट्टीला चिकटते, आणि मग दोन दिवस आत शिरून छिन्नीने काढत बसा. हे सांगताना त्यांचे हात हवेत छिन्नी धरून होते.

पिग म्हणजे कार्बनने ठासून भरलेलं लोखंड, चार टक्क्यांच्या आसपास. आपलं बीड त्याच कुळातलं. आजीचा बिडाचा तवा ओट्यावरून पडून दोन तुकडे झाला होता, त्यावरून बिडाचा स्वभाव मला पाठ आहे. उलट ठोकून काढलेल्या मऊ लोखंडात कार्बन जवळजवळ नसतो, ते वाकतं. पोलाद या दोघांच्या मधलं. म्हणून निम्मं हे नि निम्मं ते ही खेळातली कृती मला आधी पोरकट वाटली होती, पण बीड आणि मऊ लोखंड एकत्र तापवून पोलाद करायची रीत जुन्या चीनमध्ये खरोखर होती. आपल्या दख्खनची वाट वेगळी. तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत लोखंड मातीच्या बंद मुशीत तापवून पोलादाच्या वड्या काढत. त्यांना युरोपात वुट्झ म्हणू लागले, कन्नडमधल्या उक्कुवरून. मायकेल फॅरेडे विजेकडे वळण्याआधी, 1820 च्या सुमाराला, याच पोलादाचं कोडं सोडवत बसला होता.

दोन लगडी पोलादामागे कोळशाचे चार हिस्से, म्हणजे खेळात चार ओंडके. शिवाय खनिज वितळवायला वेगळा, कुऱ्हाड घडवायला वेगळा. मी दहा शिपायांना पायांपासून डोक्यापर्यंत पोलाद चढवलं तेव्हा किल्ल्याभोवती एक झाड उरलं नव्हतं, आणि जंगलातले एल्फ वकील पाठवून विचारू लागले होते की यंदा किती झाडं पाडणार. इंग्लंडात हीच अडचण होती. 1709 मध्ये अब्राहम डार्बीने कोलब्रुकडेलला लाकडी कोळशाऐवजी कोकवर लोखंड गाळलं ते हौसेने नव्हे. खेळातही दगडी कोळसा सापडला तर त्याचा कोक होतो. मला सापडला नाही. खूप खाली खणून लाव्हारसापर्यंत गेलं तर त्याच्यावर भट्टी फुकट पेटते, पण पोलादात मिसळायचा कोळसा तरीही लागतोच, तो लाव्हारसातून मिळत नाही.

खाली खणायला मी गेले ती लाव्हारसासाठीच. सापडलं अडमँटाइन.

सगळ्या यादीत हा एकच धातू पृथ्वीवर नाही. खडकातून त्याचे धागे काढावे लागतात, सूत काढल्यासारखे, आणि त्याला फार वेळ लागतो. धार पोलादाच्या दहापट बारीक. ना वाकत, ना तुटत. फार खोलवर खणत गेलं तर खालची पोकळी फुटते आणि तिथून जे बाहेर येतं त्याला खेळणारे लोक नुसतं सर्कस म्हणतात, नव्या माणसाचा विरस होऊ नये म्हणून. मी जपून, वरवरचं तेवढं काढलं. आणि माझ्या सगळ्यांत जुन्या शिपायाला, हातोडेवाल्यांच्या कप्तानाला, पहिला मान म्हणून अडमँटाइनचा हातोडा करून दिला.

हो, मला आकडे माहीत होते. मीच वाचून दाखवले होते. पण दोन किल्ले, तीन आठवडे आणि इतक्या खोलवरून आणलेली वस्तू, ती सगळ्यांत चांगलीच असणार, असं हात म्हणत होता आणि हाताने बटण दाबलं.

गॉब्लिन आले. कप्तान पुढे गेला. मी लढाईचा वृत्तांत मोठ्याने वाचू लागले. कप्तानाने गॉब्लिनाच्या डोक्यावर हातोडा मारला, शिरस्त्राणावरून वार परतला. कप्तानाने छातीवर मारला, वार परतला. पुन्हा डोक्यावर. परतला.

"थांब," मामा म्हणाले. "त्या धातूचा घनतेचा आकडा किती हुता?"

"दोनशे."

"पाण्याला हजार."

"हो."

"म्हंजे ऐंशी ग्राम. अगं, त्यो पिसानं मारतोय!"

आणि मामा असे हसले की आई स्वयंपाकघरातून धावत आली. डोळ्यावर ताण येईल म्हणून तिने दोघांनाही झोपायला पाठवलं. मी चाळिशीची आहे, हे तिला त्या वेळी आठवलं नसावं.

कप्तान वाचला, कारण शेजारी तांब्याचे हातोडे होते. दुसऱ्या दिवशी मी त्याला जुना हातोडा परत दिला, आणि अडमँटाइनचा भट्टीत घालून वितळवला. जेवढं घातलं होतं तेवढं परत मिळत नाही. उरल्यात एक छोटी तलवार झाली. ती मात्र लोणी कापावं तशी लोखंड कापते.

पंधरा दिवस संपले, मामांचा काळा चष्मा गेला आणि ते कोल्हापूरला परतले. जाताना पडद्याकडे एकदा नीट पाहून म्हणाले, "हे असलं दिसतंय व्हय? मला वाटलं लई मोठं असंल."

आता दर रविवारी फोन येतो. आधी लेकीची चौकशी, मग पंख्याच्या बेअरिंगची, मग आवाज खाली आणून, शेजारी मामी असते म्हणून, "काय गं, कथील घावलं का?"

अजून नाही. या डोंगरात काशाला लागणारं बाकी सगळं आहे.